घास अडकण्याच्या आधी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. संयोजकांनी मला बोलावताना एकच अट घातली. कर्करोगावर बोला, पण लोकांना घाबरवू नका. आणि सोपं करून सांगण्याच्या नादात चुकीचंही सांगू नका. विज्ञानाच्या शिक्षकाच्या नावानं होणाऱ्या व्याख्यानाला शोभेल अशीच ही अट आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण माझ्यासमोर क्वचितच येतो. त्याच्या अन्ननलिकेतून काढलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा येतो, आणि तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली काय सांगतो ते मी लिहून देते. आज त्या तुकड्यात दिसतं त्याच्याही थोडं मागे जायचं आहे. अन्ननलिकेचा कर्करोग अगदी सुरुवातीला असतो, गाठ नसते, दुखत नसतं, माणूस रोज जेवतो आणि कामाला जातो, तेव्हा त्याच्या पेशींमधल्या जनुकांच्या कामकाजात काय काय बदललेलं असतं?

पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारते. कर्करोग सुरू कधी होतो? रिपोर्ट हातात पडतो त्या दिवशी? घास पहिल्यांदा अडकतो त्या दिवशी?

रुग्णांची हकिगत विचारली की ती बहुतेक वेळा एकाच वाटेनं जाते. आधी भाकरी अडकते. पाण्याचा घोट घेतला की खाली जाते, म्हणून माणूस दर दोन घासांनी पाणी पिऊ लागतो. मग भाकरी आमटीत कुस्करून खातो. मग भाकरी सुटते आणि मऊ भात येतो. घरचे म्हणतात, वय झालं, दात राहिले नाहीत. मग पेज, मग नुसतं दूध. कपडे ढगळ होतात, तेव्हा कुणीतरी दवाखान्यात घेऊन जातं. ही दिरंगाई केवळ माणसांची नाही. अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे आणि ती ताणली जाते. बरीच अरुंद होईपर्यंत ती तक्रारच करत नाही. शिवाय आतड्याला बाहेरून जसं पातळ आवरण असतं तसं तिला नसतं. गाठ भिंतीतून बाहेर पडली की शेजारी श्वासनलिका आणि महाधमनी असते, मध्ये अडवायला फारसं काही नसतं. म्हणून हा रोग वाईट समजला जातो. २०२२ साली जगभरात या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ४५ हजार माणसं त्यानं गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. त्यांच्यात अंतर किती कमी आहे!

पण मी तुम्हाला सांगायला आले आहे ते हे, की घास अडकतो तो या गोष्टीचा शेवटचा भाग आहे. त्याच्या आधी दहा, पंधरा, कधी वीस वर्षांचा काळ असतो. त्या काळात बरंच काही थांबवता येतं.

आता पेशीत शिरू. अन्ननलिकेचं अस्तर थरांचं असतं. सर्वांत खाली तळपेशींचा थर. फक्त तिथल्या पेशींनी विभागायचं, नव्या पेशी तयार करायच्या. नवी पेशी वर सरकते, चपटी होते, पक्व होते, आणि शेवटी पृष्ठभागावरून झडून जाते. गरम, तिखट, खरखरीत असं सगळं त्या झडणाऱ्या पेशी सोसतात. निरोगी अस्तराची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते तेव्हा खाली गर्द जांभळ्या केंद्रकांची एक शिस्तीतली ओळ दिसते, आणि वर जावं तसा गुलाबी, मोकळा, शांत भाग दिसतो. जांभळं खाली, गुलाबी वर. ही व्यवस्था बिघडू लागली की जांभळं वर चढतं. रोग समजून घ्यायला पुष्कळदा एवढं पाहिलं तरी पुरतं.

ही व्यवस्था ठरवतं कोण? तळपेशी आणि वरची पक्व पेशी यांच्यातला डीएनए अगदी एकच असतो. सुमारे वीस हजार प्रथिनं बनवणारी जनुकं दोघींकडे आहेत. मग एक विभागत राहते आणि दुसरी शहाण्यासारखी थांबते, हे कसं? आपला हा आळंदी रस्ता पालखीचा. माउलींची पालखी इथूनच पुढे पुण्यात जाते, तेव्हा तुम्हाला हे लगेच कळेल. समजा प्रत्येक घरात पोथी एकच आहे, पण प्रत्येक घरात आज वेगळा अध्याय लावला आहे. तळपेशी विभागणीचा अध्याय वाचते, वरची पेशी पक्वतेचा. पोथीत काय छापलं आहे हा एक भाग. कोणता अध्याय, केव्हा, किती मोठ्यानं वाचला जातो, हा दुसरा भाग. या दुसऱ्या भागालाच शास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. पेशी जनुक वाचते म्हणजे त्याची आरएनए नावाची प्रत काढते, आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनतं. कोणत्या जनुकाच्या किती प्रती निघाल्या ते मोजता येतं. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला काचेच्या पट्टीवर एकाच वेळी अनेक जनुकांची अभिव्यक्ती मोजण्याची पद्धत निघाली. आता तर एकेका पेशीतल्या प्रती वेगळ्या मोजतात.

असं मोजून काय सापडलं? अन्ननलिकेच्या ज्या कर्करोगाचं प्रमाण आपल्या देशात जास्त आहे, तो या थरांच्या अस्तरातूनच उगवतो. त्याच्या सुरुवातीच्या अवस्थांमध्ये तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली गोष्ट, पक्वतेचा अध्याय बंद पडतो. केराटिन ४ आणि केराटिन १३ ही वरच्या थरांना बळकटी देणारी प्रथिनं. इन्व्होल्युक्रिन आणि कॉर्न्युलिन ही पेशी पक्व होताना कामाला येणारी प्रथिनं. या शेवटच्या दोघांची जनुकं पहिल्या गुणसूत्राच्या एकाच भागात आहेत. या सगळ्यांच्या प्रती कमी होत जातात. गाठ दिसण्याच्या पुष्कळ आधी, पेशी नुसत्या किंचित विस्कळीत दिसत असतात तेव्हाच ही घट सुरू झालेली असते. मला स्वतःला या सगळ्या संशोधनात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कर्करोग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी वाढणारं, पसरणारं येतं. पण इथे सुरुवात कशानं होते? पेशी मोठी व्हायचं थांबते, यानं.

दुसरी गोष्ट, विभागणीचा अध्याय मोठ्यानं आणि नको तिथे वाचला जातो. सायक्लिन डी१ नावाचं प्रथिन पेशीला विभागणीच्या उंबरठ्यावरून पुढे ढकलतं. त्याचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि अन्ननलिकेच्या कर्करोगात पुष्कळदा त्याच्या जादा प्रती डीएनएमध्येच तयार झालेल्या सापडतात. वाढीचा निरोप घेणारा ईजीएफआर हा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर गरजेपेक्षा जास्त दिसू लागतो. सॉक्स २ आणि पी-६३ ही तळपेशींना तळपेशी ठेवणारी प्रथिनं, तीही वरच्या थरांत चढतात. पेशी जागेनं वर गेली, पण वागणं तळातलंच राहिलं.

तिसरी गोष्ट पहारेकऱ्यांची. पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं. डीएनए बिघडला तर ते पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत पी-५३ च्या जनुकात बिघाड सापडतो, आणि तो बिघाड उशिरा नव्हे, लवकर येतो. पी-१६ या दुसऱ्या पहारेकऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. पुष्कळदा त्याच्या जनुकात छपाईची चूक एकही नसते, पण मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट त्याच्या सुरुवातीला चिकटतात आणि ते वाचलंच जात नाही. पोथीची पानं शाबूत आहेत, पण दोऱ्यानं बांधून ठेवली आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

इथे कुणीही विचारील, की डॉक्टर, बिघाड झाला म्हणजे कर्करोग होणारच ना? याचं उत्तर गेल्या काही वर्षांत फार अनपेक्षित आलं. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांनी कर्करोग नसलेल्या माणसांच्या अन्ननलिकेचं निरोगी अस्तर बारकाईनं तपासलं. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मध्यमवयीन आणि वयस्क माणसांत नॉच १ या जनुकात बिघाड असलेल्या पेशी अस्तराच्या १२ टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेल्या होत्या. पी-५३ मध्ये बिघाड असलेल्या पेशी २ ते ३७ टक्के होत्या. निरोगी माणसांत! म्हणजे इथे बसलेल्या आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या अन्ननलिकेत या क्षणी अशा पेशी आहेत, माझ्याही आहेत, आणि आपण संध्याकाळी नीट जेवणार आहोत. आणखी एक नवल म्हणजे नॉच १ चा बिघाड कर्करोगापेक्षा निरोगी अस्तरातच कित्येक पटींनी जास्त सापडला. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की अस्तरात पसरलेल्या अशा बदललेल्या पेशी नुकत्याच उगवलेल्या बारीक गाठींना रेटून बाहेर काढू शकतात.

याचा अर्थ काय घ्यायचा? मी तरी असा घेते, की छपाईची एखादी चूक म्हणजे रोग नव्हे. चुका साचाव्या लागतात, आणि त्याच वेळी वाचनाची सगळी शिस्त बिघडावी लागते. त्यासाठी काळ लागतो, आणि त्या काळात कुणीतरी सतत इजा करत राहावं लागतं.

हे मी अंदाजानं बोलत नाही. चीनच्या हेनान प्रांतात पूर्वी लिनशियान नावानं ओळखला जाणारा तालुका आहे. हा कर्करोग जगात सर्वांत जास्त असलेल्या जागांपैकी ती एक. साठ वर्षांपूर्वी तिथे शेन चिओंग या पॅथॉलॉजिस्टांनी एक साधी युक्ती काढली. जाळी लावलेला छोटा फुगा नळीसह गिळायला द्यायचा, पोटापर्यंत गेला की थोडा फुगवायचा आणि हळूच वर ओढायचा. जाळीला अस्तराच्या पेशी चिकटून येतात. पुढे दुर्बिणीशी तुलना केल्यावर कळलं, की फुग्याच्या तपासणीतून बरेच रोगी निसटतात. मग तिथे दुर्बिणीनं तपासणी सुरू झाली. अशा तपासणीत ज्यांच्या अस्तरात बदल सापडले होते त्यांचा साडेतेरा वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांच्यात गंभीर बदल होते त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशांना कर्करोग झाला. मध्यम बदल होते त्यांच्यातल्या निम्म्यांना. आणि सौम्य बदल होते त्यांच्यातल्या साधारण एक चतुर्थांशांना. शेवटचा आकडा उलट बाजूनं वाचा. सौम्य बदल असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश माणसांना एवढ्या वर्षांत कर्करोग झाला नाही, तोही लिनशियानसारख्या ठिकाणी. लवकरचा बदल म्हणजे शिक्षेचा निकाल नव्हे. तो इशारा आहे.

हा इशारा डोळ्यांनी दिसतो कसा, ते थोडं सविस्तर सांगते. आपण सगळ्यांनी शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला आहे. पिष्ट असलं की निळा-काळा रंग येतो. अन्ननलिकेच्या पक्व पेशी आपल्यात ग्लायकोजेन साठवतात, तोही पिष्टाच्या जवळचाच पदार्थ. दुर्बिणीतून अस्तरावर लुगोलचं आयोडीन फवारलं की निरोगी भाग काही क्षणांत गडद तपकिरी होतो. पण जिथल्या पेशींनी पक्व होणं सोडलं आहे, तिथे ग्लायकोजेन नसतं. तो तुकडा फिकट पिवळा राहतो, आणि बदल गंभीर असेल तर थोड्या मिनिटांनी गुलाबी पडतो. फवारणीच्या आधी तीच जागा पाहिली असती तर शेजारच्या अस्तरापेक्षा वेगळं काही दिसलंच नसतं. एवढी महागडी यंत्रं लावून जनुकांच्या प्रती मोजल्या की जे कळतं, की इथे पक्वतेचा अध्याय बंद आहे, तेच हे स्वस्त आयोडीन भिंतीवर दाखवून देतं. लुगोल या फ्रेंच डॉक्टरांनी हे द्रावण १८२९ मध्ये तयार केलं, तेव्हा जनुक हा शब्दही जन्माला आला नव्हता.

आणि त्याचा उपयोग होतो का? होतो. चीनमध्येच आयुष्यात एकदा दुर्बिणीनं, आयोडीन फवारून तपासणी केलेल्या गावांची तुलना न केलेल्या गावांशी केली, तेव्हा दहा वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेले दिसले. अगदी वरच्या थरापुरता असलेला रोग दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. छाती उघडावी लागत नाही, अन्ननलिका जागच्या जागी राहते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते. या कहाणीत आपलं नातं जुनं आहे, आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे.

मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथले पॅथॉलॉजिस्ट. भारतीय विकृतिशास्त्राचा पाया त्यांनी घातला. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक तेच. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तोंड, घसा, अन्ननलिका या अन्नमार्गाच्या वरच्या भागातले कर्करोग आणि तंबाखू चघळणं, विडी ओढणं यांचा संबंध त्यात तपासला होता. १९५५! आज सत्तर वर्षं होऊन गेली. ही गोष्ट आपल्याला परदेशातून कुणी येऊन सांगितली नाही. आपल्याच माणसांनी, आपल्याच रुग्णांच्या खाटेशेजारी बसून ती शोधली.

खानोलकरांच्याच हाताखाली एक पुणेकर बाई घडल्या. डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलगी हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनला, मग पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून एम.एस्सी. झाली. १९४९ मध्ये खानोलकरांकडे पीएच.डी. मिळवल्यावर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. हेला नावाच्या पेशी ज्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या, तेच हे गाय. परत येऊन रणदिवेबाईंनी परळला पेशी शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. जनुकांची अभिव्यक्ती मोजायची तर पेशी आधी जिवंत ठेवता यायला हव्यात, हे लक्षात घ्या. १९७३ मध्ये त्यांनी इतर वैज्ञानिक स्त्रियांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आज गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. तिथे देशभरच्या संशोधकांसाठी पेशींचा साठा सांभाळला जातो. इथे बसलेल्या मुलींना माझं मुद्दाम सांगणं आहे. त्या बाईंचं नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात नसलं तर ग्रंथालयात जाऊन शोधा.

आणि बार्शी. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावी १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठीची देशातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. कोणत्या गावात कुणाला कोणता कर्करोग झाला, हे वर्षानुवर्षं घरोघर जाऊन लिहायचं हे काम कुणाच्या डोळ्यात भरत नाही. पण त्याच्याशिवाय इतर सगळं आंधळं आहे. आसाम आणि काश्मीर या भागांत अन्ननलिकेचा कर्करोग फार आहे, हे तरी कशामुळे कळलं? अशाच नोंदींमुळे.

मघाशी मी म्हटलं, कुणीतरी सतत इजा करत राहावं लागतं. आपल्याकडे तो कोण, ते तुम्हाला माहीत आहे. तंबाखूत नायट्रोसोनॉरनिकोटीन नावाचं द्रव्य असतं. प्रयोगशाळेत उंदरांना पिण्याच्या पाण्यातून दिलं तर त्यांना तोंडात आणि अन्ननलिकेत गाठी होतात. पेशीत शिरल्यावर त्याचे तुकडे डीएनएला चिकटतात, आणि विभागणीच्या वेळी तिथे चुकीचं अक्षर उतरतं. तंबाखू चघळली की ही द्रव्यं लाळेत उतरतात, आणि लाळ गिळली की त्याच नळीतून खाली जातात. दारू सोबत असेल तर धोका नुसता जोडला जात नाही, वाढत जातो. दारूपासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड स्वतःच डीएनएला इजा करतं.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. पुरुष ३५.५ टक्के, स्त्रिया १७ टक्के. धूर काढणारे थोडे, चघळणारे आणि घासणारे बहुतेक. आणि भगिनींनो, यात आपली मिश्री येते. सकाळी भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावायची, त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. सासूनं दिली म्हणून सुनेनं घेतली, पोट साफ होतं म्हणून घेतली, दाढ दुखली म्हणून घेतली. डॉक्टरनं विचारलं, तंबाखू खाता का, तर उत्तर येतं, नाही. खरंच वाटतं, नाही. म्हणून मी तरुण डॉक्टरांना सांगते, तंबाखू खाता का एवढं विचारून थांबू नका, मिश्री लावता का, हे वेगळं विचारा. गुटख्यावर राज्यानं २०१२ मध्ये बंदी आणली. बंदी योग्यच आहे. पण मिश्री घरातच भाजली जाते, तिथे बंदीचा कागद पोचत नाही. तिथे लेकीसुनाच पोचू शकतात.

चहाविषयी थोडंसं, कारण पुण्यात त्याविषयी विचारल्याशिवाय कुणी मला सोडत नाही. चहा दोषी नाही. दोष उकळत्या गरमपणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसपेक्षा जास्त गरम पेयांना बहुधा कर्करोगकारक म्हटलं. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांच्या पाहणीत, भरपूर आणि खूप गरम चहा पिणाऱ्यांत हा कर्करोग जास्त दिसला. रोज भाजणारं अस्तर रोज दुरुस्त करावं लागतं, म्हणजे तळपेशींना विभागणीचा अध्याय रोज वाचावा लागतो. अमृततुल्य प्या. दोन मिनिटं थांबून प्या.

आम्लपित्तवाल्यांनाही एक शब्द. पाश्चात्त्य देशांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार जास्त आहे. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की खालचं अस्तर आतड्यासारखं होऊ लागतं. सीडीएक्स २ हे आतड्याचं जनुक, अन्ननलिकेत ज्याचं काही काम नाही, ते तिथे वाचलं जाऊ लागतं. नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदाच्या नावानं ती अवस्था ओळखतात. अशा बहुतेकांना कर्करोग होत नाही. पण वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून आम्ल दाबत राहणाऱ्यानं एकदा दुर्बीण करून घ्यावी, एवढं माझं मत आहे.

आता शेवटचा मोठा मुद्दा. इतकं सगळं जनुकांविषयी कळलं, तर मग रक्ताची जनुक-चाचणी करून आधीच सांगता येणार नाही का? तुम्ही जाहिराती पाहता. एका नमुन्यात सगळे कर्करोग कळतील, असं सांगितलं जातं. मी माझं मत स्पष्ट सांगते. लक्षणं नसलेल्या निरोगी माणसाला अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी सरसकट करावी अशी सिद्ध झालेली जनुक-चाचणी आज नाही. सँगर संस्थेच्या कामानं तर याचं कारणही दाखवून दिलं: बिघाड निरोगी माणसांतही भरपूर सापडतात, मग नुसता बिघाड सापडला म्हणून काय सांगणार? उद्या चित्र बदलेल. केंब्रिजमध्ये डॉ. रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटानं दोऱ्याला बांधलेला गिळायचा स्पंज तयार केला आहे. त्यावर आलेल्या पेशींत टीएफएफ ३ हे एकच प्रथिन शोधून बॅरेटची अवस्था ओळखता येते. लिनशियानच्या फुग्याची कल्पना आणि जनुकांच्या अभिव्यक्तीचं ज्ञान तिथे एकत्र आलं आहे. आपल्याकडच्या प्रकारासाठी, आपल्या खर्चात बसणारं असं काही इथल्या प्रयोगशाळांतून निघावं, ही माझी फार इच्छा आहे. पण तोवर घरोघर दुर्बीण फिरवण्याची मागणी मी करणार नाही. महाराष्ट्राचा पैसा आधी तंबाखू सोडवण्यावर आणि तालुक्याच्या ठिकाणी वेळेवर दुर्बीण मिळण्यावर खर्च व्हावा.

तुमच्यातल्या कुणाच्या मनात येईल, तीस वर्षं मिश्री लावली, आता सोडून काय होणार? मघाशी पानं आणि दोरा यांचा फरक लक्षात ठेवायला सांगितला होता, तो यासाठी. छापील चूक पुसता येत नाही. पण वाचन बदलू शकतं. बोस्टनच्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासमार्गातल्या पेशी तपासल्या. सिगारेटमुळे बदललेली बरीचशी जनुकं, सोडल्यानंतर काही काळानं पूर्ववत वाचली जाऊ लागली होती. काही मात्र कायमची बदलून गेली होती. हे श्वासमार्गातलं आहे, अन्ननलिकेतलं नाही, तो फरक मी झाकत नाही. पण अन्ननलिकेपुरतंही एवढं पक्कं आहे, की तंबाखू सोडलेल्यांत या कर्करोगाचा धोका वर्षागणिक उतरत जातो. सोडायला उशीर झाला, असं कधीच नसतं.

म्हणून माझी विनंती दोन गोष्टींची आहे. घरातलं चाळिशी-पन्नाशी ओलांडलेलं माणूस भाकरी कुस्करून खाऊ लागलं असेल, दर घासाला पाणी घेत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. पंधरा दिवसांच्या आत दुर्बिणीची तपासणी करा. आणि जे तंबाखू, गुटखा, मिश्री वापरतात, त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुडीवर तो छापलेला असतो. आज घरी गेल्यावर फोनमध्ये साठवून ठेवा, आणि ज्याला गरज आहे त्याच्या शेजारी बसून तुम्ही स्वतः लावून द्या.